फिट येते म्हणून आईपासून मूल तोडता येतं का?

ज्यांना ऐकायला वेळ होत नाही, किंवा एसटीत रेंज जाऊन भाग मध्येच अडकतो, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त माझं अडखळणं तेवढं काढलंय.

आजचा विषय एका व्हॉइस मेसेजमधून आला. कऱ्हाडकडचा एक श्रोता. त्याची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असं सगळं वगळलंय. तो म्हणतो, "दादा, माझ्या बहिणीला फिट येते. नवऱ्याशी पटत नाही म्हणून ती माहेरी आलीय. चार वर्षांची मुलगी सासरी ठेवून घेतलीय. ते म्हणतात, फिट येणाऱ्या बाईला कोर्टसुद्धा मूल देत नाही, आणि आम्ही भेटूही देणार नाही. हे खरं आहे का?"

छोटं उत्तर आहे, नाही. खरं नाही.

मोठं उत्तर द्यायला हा अख्खा भाग लागणार आहे. आधीच सांगतो, मी वकील नाही आणि डॉक्टरही नाही. मी बी.टेक. केलेला, पुण्यात कोड लिहिणारा माणूस आहे. तरी या विषयावर मी का बोलतोय? कारण माझ्या आईला फिट येते, आणि मी वयाच्या सहाव्या वर्षापासून 'भेटीचं मूल' म्हणून वाढलोय. वडिलांचं घर साताऱ्यात, आईचं माहेर सांगलीजवळच्या एका गावात. त्यामुळे कायद्याचं मी वाचून सांगतोय, आणि भेटीचं आतून सांगतोय.

आधी आजाराबद्दल, थोडक्यात

आपल्याकडे याला फिट म्हणतात, आकडी म्हणतात, मिरगी म्हणतात, फेफरं म्हणतात. डॉक्टर अपस्मार किंवा एपिलेप्सी म्हणतात. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या बारीक संकेतांनी बोलत असतात. ते संकेत अचानक एकदम, भलत्या प्रमाणात सुटले की फिट येते. कुणाचं अंग झटके देतं, कुणी नुसतंच अर्धा मिनिट एकटक बघत राहतं. म्हणजे 'फिट येते' या एका वाक्यात खूप वेगवेगळे आजार बसतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. नीट निदान आणि औषधं मिळाली तर त्यातले ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय जगू शकतात. हा वेडाचा प्रकार नाही, लागण होत नाही, आणि बाहेरची बाधा तर नाहीच.

फिट आणणाऱ्या काही गोष्टी मात्र ठरलेल्या आहेत. गोळी चुकणं आणि झोप न होणं या त्यातल्या दोन सगळ्यात मोठ्या. या दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

कायद्यात फिट होती, ती २३ वर्षं

हा भाग मला स्वतःला वाचेपर्यंत माहीत नव्हता. हिंदू विवाह अधिनियम १९५५ चा. त्यात मूळ मजकुरात अपस्मार नव्हता. १९७६ ची दुरुस्ती आली आणि लग्नाच्या अटींमध्ये एक ओळ घुसली. वेडाचे किंवा अपस्माराचे वारंवार झटके येणारी व्यक्ती लग्नाला पात्र नाही, अशा अर्थाची. लग्न झालंच, तर ते कोर्टाकडून रद्द करून घेता येत होतं. विशेष विवाह कायद्यातही तसंच.

गंमत बघा. त्याच्या पाचच वर्षं आधी, १९७१ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयासमोर एक नवरा गेला होता. लग्नाआधी बायकोचा अपस्मार लपवला, ही फसवणूक आहे, लग्न रद्द करा, अशी त्याची मागणी होती. न्यायालयानं ती मान्य केली नाही. न सांगणं म्हणजे कायद्याच्या अर्थानं फसवणूक नाही, असं म्हटलं. म्हणजे न्यायालय एक म्हणत होतं, आणि नंतर संसदेनं दुसरंच लिहून ठेवलं.

इंडियन एपिलेप्सी असोसिएशनसारख्या संस्थांनी आणि डॉक्टरांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. शेवटी १९९९ च्या दुरुस्तीनं 'अपस्मार' हा शब्द दोन्ही कायद्यांतून काढला. २९ डिसेंबर १९९९ पासून तो कायद्यात नाही.

मग घटस्फोट? तिथेही एक नवरा नागपूरला लढत होता. बायकोला अपस्मार आहे, तो बरा न होणारा आजार आहे, तिचं वागणं त्यामुळे बिघडलंय, असं त्याचं म्हणणं. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं, न्यायमूर्ती विनय जोशी आणि वाल्मिकी मेनेझिस यांनी, त्याचं अपील फेटाळलं. अपस्मार हा असाध्य आजार नाही, मानसिक विकृतीही नाही, त्यामुळे त्या कलमाखाली घटस्फोटाचं कारण होऊ शकत नाही, असं स्पष्ट सांगितलं.

म्हणजे लग्नाला अडथळा नाही, आणि त्या कलमाखाली लग्न मोडायला कारणही नाही. तरीही मूल काढून घ्यायला मात्र तीच फिट पुरते, असं लोक सर्रास धरून चालतात. का?

कारण निर्णय कोर्टात होतच नाहीत

आमच्या घरचं सांगतो. आई-पप्पांचं लग्न १९९५ चं. म्हणजे तेव्हा कायद्यात ती ओळ जिवंत होती. माहेरच्यांनी आजार सांगितला नाही. आई गोळ्या तुरीच्या डाळीच्या डब्यात तळाशी ठेवायची. सासूबाई स्वयंपाकघरात असल्या की गोळी चुकायची. गोळी चुकली की फिट यायची. फिट आली की घरातले म्हणायचे, हिला चक्कर येते, अशक्त आहे. पुढे एकदा सगळ्यांसमोर मोठी फिट आली आणि डबा उघडा पडला.

२००३ मध्ये बैठक बसली. तुम्ही सातारा-सांगलीकडचे असाल तर बैठक म्हणजे काय हे सांगायला नको. सोप्यात सतरंजी, चहाचे कप, दोन्हीकडचे चार-चार पुरुष, एक निवृत्त गुरुजी. बायका आत. आई पण आतच. मी दाराच्या चौकटीला टेकून उभा होतो, त्यामुळे एक वाक्य मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. माझे एक चुलते म्हणाले, "पोरगं कुणाच्या भरवशावर द्यायचं? हिला कवा फिट यील सांगता येतंय का?" आणि दुसरे म्हणाले, "कायद्यानं असलं लगीनच होत न्हाय."

कायदा बदलून तेव्हा जवळजवळ चार वर्षं झाली होती. त्या सोप्यात कुणाला ते ठाऊक नव्हतं. गुरुजींनाही नाही. आणि आईला विचारायला कुणी आत गेलं नाही.

ठरलं असं. मुलगा साताऱ्यात राहणार. आईनं महिन्याच्या दुसऱ्या रविवारी साताऱ्याला यायचं, सकाळी दहा वाजता, एका नातेवाइकांच्या घरी. दोन तास भेटायचं. मुलाला एकटीनं बाहेर न्यायचं नाही.

मी कुणाला दुष्ट ठरवत नाहीये. पप्पांनी मला मायेनं वाढवलं. भीती त्यांची खरी होती. पण त्या बैठकीत प्रश्न एकच विचारला गेला, तो म्हणजे 'फिट येते का?' त्याचं उत्तर 'हो' आलं आणि विषय संपला. 'फिट आली तर मुलाचं काय होईल आणि त्यावर काय करता येईल?' हा दुसरा प्रश्न कुणी विचारलाच नाही. कायदा मात्र नेमका दुसराच प्रश्न विचारतो.

कोर्ट काय बघतं?

मुलाच्या ताब्यासाठी दोन कायदे महत्त्वाचे. पहिला, पालक व पाल्य अधिनियम १८९०. हा सगळ्या धर्मांना लागू होतो. दुसरा, हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम १९५६. 'अज्ञान' म्हणजे इथे १८ वर्षांखालचं मूल.

१९५६ च्या कायद्याचं कलम १३ सांगतं की मुलाचं हित सगळ्यात वर. आईचा हक्क, बापाचा हक्क, घराण्याची अब्रू, सगळं त्याच्या खाली. १८९० च्या कायद्याचं कलम १७ सांगतं की हित ठरवताना मुलाचं वय बघा, पालक होऊ पाहणाऱ्याचं चारित्र्य आणि क्षमता बघा, आणि मूल कळत्या वयाचं असेल तर त्याची इच्छाही विचारात घ्या.

यात आजारांची यादी नाही. अपस्माराचं नाव नाही. फिट आत येते ती 'क्षमता' या शब्दातून. आणि क्षमता म्हणजे रोग आहे की नाही हे नव्हे, मूल नीट सांभाळलं जाईल की नाही हे. ते पुराव्यानं ठरतं, सासूबाईंच्या अंदाजानं नाही.

पाच वर्षांखालच्या मुलासाठी आणखी एक गोष्ट. १९५६ च्या कायद्याचं कलम ६ म्हणतं की पाच वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा. 'सामान्यतः' हा शब्द आहे, म्हणजे अपवाद होऊ शकतो. पण अपवाद सिद्ध कुणी करायचा? गोव्यातल्या एका लहानग्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१५ मध्ये हे साफ केलं. आई योग्य आहे हे तिनं सिद्ध करत बसायचं नाही, ती अयोग्य आहे असं म्हणणाऱ्या बापानं ते दाखवायचं. कऱ्हाडच्या मित्रा, तुझी भाची चार वर्षांची आहे. हे वाक्य वकिलाला आधी विचार, आणि वेळ घालवू नकोस.

भेटीबद्दल जानेवारी २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आहे. त्यात म्हटलंय की मुलाला दोन्ही पालकांच्या मायेचा हक्क आहे. ताबा एकाकडे गेला तरी दुसऱ्याला भेटीचा हक्क हवा, आणि त्याशिवाय संपर्काचाही हक्क हवा. फोन, ईमेल, आणि शक्य असेल तर सगळ्यात उत्तम म्हणजे व्हिडिओ कॉल. वेगवेगळ्या राज्यांत किंवा देशांत राहणाऱ्या पालकांना रोज ५ ते १० मिनिटं बोलता आलं पाहिजे, असंही त्यात आहे. २००३ मध्ये आमच्याकडे एसटीडी बूथ होता आणि एक रुपयाचं नाणं होतं. आज प्रत्येकाच्या खिशात व्हिडिओ कॉल आहे, आणि व्हिडिओ कॉलवर फिट आली तर मुलाला इजा होईल असं कुणीच म्हणू शकत नाही. निदान तेवढं तरी नाकारायला कारण उरत नाही.

आणि अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा जो करार भारतानं २००७ मध्ये मान्य केला, त्याचं कलम २३ म्हणतं की आईवडिलांच्या किंवा मुलाच्या अपंगत्वाच्या कारणावरून मूल वेगळं केलं जाऊ नये.

भेटीच्या वेळेनंच फिट आणली तर?

आता या भागातला माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा.

सांगली ते सातारा सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. आष्टा, पेठ नाका, कऱ्हाड, उंब्रज, मग सातारा. एसटीनं तीनेक तास, आणि गाव आत असेल तर त्याआधी सांगली स्टँडला पोहोचायचं वेगळं. सकाळी दहाला साताऱ्यात हजर राहायचं म्हणजे आई पहाटे साडेतीनला उठायची. आदल्या रात्री मला भेटायच्या ओढीनं झोप नसायचीच. सकाळची गोळी घेतली की गुंगी यायची, स्टॉप चुकेल म्हणून ती गोळी परतल्यावर घ्यायची.

आता मघाशी सांगितलेल्या दोन गोष्टी आठवा. झोप आणि गोळी. ज्या दिवशी तिला फिट येऊ नये असं सगळ्यांना वाटायचं, त्याच दिवशी दोन्ही चुकायच्या. आणि हे वेळापत्रक तिनं ठरवलेलं नव्हतं.

२००५ मध्ये सातारा स्टँडवर तिला फिट आली. लोक जमले. कुणी कांदा आणला, कुणी चप्पल हुंगवली, कुणी तोंडात चमचा घालायला गेलं. ती बरी झाली, पण बातमी घरी पोहोचली आणि भेटी बंद झाल्या. चौदा महिने. त्या चौदा महिन्यांत मी तिसरीतून चौथीत गेलो, आणि आईचा आवाज आठवून बघायला लागलो, की अजून आठवतो का.

यातून वाट काढली माझ्या मामानं. तो एसटीत कंडक्टर होता. त्यानं भांडण केलं नाही. एका वहीच्या पानावर गाड्यांचं वेळापत्रक लिहिलं आणि साताऱ्याला आजोबांकडे गेला. म्हणाला, "आबा, ताई सकाळी दहाला नाही, दुपारी दोनला येईल. मी सोबत असीन. गोळी माझ्यासमोर घेईल. मिरजेच्या डॉक्टरांची चिठ्ठी ही. पोराला स्टँडवर आणू नका, घरीच ठेवा." आबांनी पान दोनदा वाचलं आणि हो म्हणाले.

त्यानंतरच्या भेटींमध्ये आईला माझ्यासमोर एकदाही फिट आली नाही. आजार तोच होता. बदलली फक्त वेळ, सोबत आणि गोळी.

आम्ही सॉफ्टवेअरवाले सिस्टिम पडली की आधी लॉग बघतो, कधी पडते, कशानं पडते. मग एक जागा बंद पडली तर दुसरी धरेल अशी सोय करतो. पडू शकते म्हणून सिस्टिमच नको, असं कुणी म्हणत नाही. मामानं वहीच्या पानावर तेच केलं होतं.

तुमचं 'वहीचं पान' कसं लिहाल?

महाराष्ट्रातल्या कौटुंबिक न्यायालयांत 'पेरेंटिंग प्लॅन' हा शब्द आता नवा नाही. मूल कुणाकडे कधी राहील, सुट्ट्या कशा वाटायच्या, हे लिहून द्यायचं. फिट असेल तर त्यात हे घाला.

एक, डॉक्टरांचं पत्र. 'हिला एपिलेप्सी आहे' एवढ्या एका ओळीचं नको. फिट कोणत्या प्रकारची, शेवटची कधी आली, आधी जाणवते का, शुद्ध हरपते का, सावरायला किती वेळ लागतो, औषध कोणतं, हे सगळं हवं. ईईजी, एमआरआयचे कागद सोबत. मिरज, सांगली, कऱ्हाड, सातारा इथे मोठे दवाखाने आहेत, दर वेळी पुणे-मुंबई गाठायलाच हवं असं नाही.

दोन, फिटची डायरी. फोनमध्ये तारीख, वेळ, किती मिनिटं, आदल्या रात्री झोप किती, गोळी चुकली का. सहा महिन्यांची अशी नोंद असेल तर 'हिला कवा पण फिट येते' या वाक्याला उत्तर मिळतं.

तीन, मुलाच्या वयाप्रमाणे घरातली काळजी. तान्हं बाळ असेल तर कपडे-लंगोट बदलायचं काम पलंगावर नाही, खाली चटईवर. एकटीनं बाळाला टबात आंघोळ घालायची नाही. बाळ कडेवर घेऊन एकटीनं जिने चढायचे नाहीत. रात्रीचं उठणं घरातल्या दुसऱ्यानं वाटून घ्यायचं, कारण आईची झोप हेच औषध आहे. मोठं मूल असेल तर नदीवर, विहिरीवर, पोहायला नेताना दुसरं मोठं माणूस सोबत. आणि मुलाला गाडीवर बसवून स्वतः चालवायची नाही. लायसन्सच्या अर्जात अपस्माराबद्दल थेट प्रश्न असतो, तिथे खोटं लिहू नका. आपली एसटी आहे, रेल्वे आहे.

चार, भेटीची वेळ आणि जागा. प्रवास लांबचा असेल तर दुपारची वेळ मागा. जमलं तर महिन्यातून दोनदा दोन तासांऐवजी एकदा पूर्ण दिवस मागा, प्रवास निम्मा होतो.

पाच, मुलाला शिकवा. आईनं मला माझ्याच वहीत चार ओळी लिहून दिल्या होत्या. घाबरायचं नाही, घड्याळ बघायचं. आईला कुशीवर वळवायचं. तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. शेजारच्या काकूंना हाक मारायची. मोठ्यांसाठी यात एकच भर. फिट ५ मिनिटांपेक्षा जास्त चालली, किंवा शुद्धीवर न येता लगेच दुसरी आली, तर १०८ ला फोन. कांदा, चप्पल, किल्ल्या, काही नको.

कुणी म्हणेल, मुलावर असं ओझं टाकायचं का? माझा अनुभव सांगतो. ओझं माहीत असण्याचं नव्हतं, माहीत नसण्याचं होतं. आईला काहीतरी होतं, ते कुणी सांगत नाही, आणि त्यामुळे ती भेटत नाही, हे सात वर्षांच्या मुलाला फिटपेक्षा जास्त भयंकर वाटतं. अर्थात, मुलगा हा आईचा नर्स नाही. हाक मारणं त्याचं काम, सांभाळणं मोठ्यांचं.

मर्यादा कधी बरोबर असते?

एकतर्फी बोलणार नाही. फिट वारंवार येतेय, सूचना न देता शुद्ध हरपतेय, माणूस गोळ्या घेत नाही किंवा वर दारू पितोय, आणि घरात दुसरं कुणी मोठं नाही, अशी परिस्थिती असेल तर लहान बाळाला तिथे एकटं ठेवणं धोक्याचंच. कोर्ट तसं म्हणालं तर ते मुलाच्या हिताचं आहे, मग ती आई असो की बाप. हो, बापालाही फिट येते, त्यालाही हेच लागू.

पण तेव्हाही उत्तर 'भेट बंद' हे नसतं. तेव्हा 'कुणाच्या तरी सोबतीत भेट' असते. औषध बदललं, फिट थांबल्या, की पुन्हा अर्ज करता येतो. ताब्याचे आदेश दगडावरची रेघ नसतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ मध्येच आदेश बदलायची सोय आहे.

उलटं प्रकरणही असतं, मुलालाच फिट येते आणि ते दोन घरांत ये-जा करतं. तिथे एकच नियम. दोन्ही घरांत तेच औषध, तीच वेळ, तीच चिठ्ठी. गोळ्यांचा डबा मुलाबरोबर फिरला पाहिजे. आईबापाचं भांडण कितीही असो, गोळीवर चर्चा नाही.

जायचं कुठे?

ताब्याचा किंवा भेटीचा अर्ज १८९० च्या कायद्याखाली मूल जिथे नेहमी राहतं तिथल्या न्यायालयात होतो. म्हणजे मूल साताऱ्यात आणि आई सांगलीत असेल, तर अर्ज सातारा जिल्ह्यात. अंतिम निकालाला वेळ लागतो, म्हणून मधल्या काळातल्या भेटींसाठी अंतरिम आदेश मागायला विसरू नका.

वकिलाचे पैसे नाहीत? विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे स्त्रियांना आणि मुलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. प्रत्येक जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. फोन करायचा तर १५१००. तिथे मध्यस्थीही होते, म्हणजे एक प्रकारची बैठकच, फक्त तिथे आईला आतल्या खोलीत बसवत नाहीत.

आणखी एक बदल आपल्या भागासाठी मोठा आहे. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालंय. सातारा, सांगलीची उच्च न्यायालयातली प्रकरणं आता तिथे. झोप मोडून रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठणं ज्यांना आजारामुळेच जमत नव्हतं, त्यांच्यासाठी ही साधी गोष्ट नाही.

आणि मन मोकळं करायला माणसं हवी असतील तर पुण्यात यशोदा वाकणकर यांचा 'संवेदना' हा एपिलेप्सीचा आधारगट आहे. त्यांनी हा आजार स्वतः अनुभवलाय. लग्न जुळवण्यासाठीही तिथे मदत होते, आणि आजार सांगून होते. माझं प्रामाणिक मत, लग्नाआधी सांगाच. न सांगणं गुन्हा नसेल, पण डाळीच्या डब्यात लपवलेली गोळी वेळेवर पोटात जात नाही.

शेवटचं

बारावीनंतर मला सांगलीच्या वालचंद कॉलेजला प्रवेश मिळाला. लोकांना वाटलं कॉलेजचं नाव बघून घेतला. मी नकाशा बघून घेतला होता. चार वर्षं दर रविवारी आईकडे जेवायला गेलो. कुणाची परवानगी लागली नाही, घड्याळ लावावं लागलं नाही.

ती तेव्हा गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती, अजूनही आहे. रोज वीस-पंचवीस पोरांना ती खाऊ घालते, झोपवते, नाक पुसते. सेविका ताईंना तिचा आजार माहीत आहे, त्या सोबत असतात, गॅसजवळचं काम त्या करतात. गावातल्या एकाही आईनं आजवर हरकत घेतलेली नाही. इतक्या वर्षांत तिथे कुणाच्या पोराला काही झालेलं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी तुमच्या घरी, भावकीत, मित्राकडे अशी बैठक बसली, आणि कुणी म्हणालं की हिला फिट येते, पोरगं कसं द्यायचं, तर तुम्ही वयानं लहान असलात तरी दोन गोष्टी करा. आतल्या खोलीत जाऊन तिला बाहेर बोलवा. आणि विचारा, फिट आली तर काय करायचं ते लिहून काढूया का? कागद-पेन तुमच्याकडे नसेल, पण फोन तर असेलच.

हा भाग ज्याला लागू होतो त्याला पाठवा. काही विचारायचं असेल तर व्हॉइस मेसेज करा, नाव सांगितलं नाही तरी चालेल. काळजी घ्या, वेळेवर झोपा. भेटू पुढच्या भागात.